रोज दोन मिनिटे, एक शब्द: व्युत्पत्तीचा छोटा पॉडकास्ट का आवडतो आणि मराठीत तो कसा असावा?

अनवट (धागालेखक)

मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाचा ‘वर्ड ऑफ द डे’ हा पॉडकास्ट इथल्या अनेकांना ठाऊक असेल. त्या कोशाचे संपादक पीटर सोकोलॉव्स्की रोज एक शब्द घेतात, त्याचा उच्चार आणि अर्थ सांगतात, अलीकडे छापून आलेले एखादे वाक्य वाचून दाखवतात आणि मग तो शब्द कुठून आला हे सांगून दोनेक मिनिटांत निरोप घेतात. असे कार्यक्रम लोक वर्षानुवर्षे नेमाने का ऐकतात, यावर इथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सगळे श्रेय आटोपशीरपणाला देणे मला पटत नाही. दोन मिनिटांत सांगून होतील अशा गोष्टी पुष्कळ असतात आणि त्यांतल्या बहुतेक संध्याकाळपर्यंत विसरल्याही जातात. शब्दाचे तसे होत नाही, कारण निम्मी सामग्री ऐकणाऱ्याजवळ आधीपासूनच असते. पानिपताबद्दल काही सांगायचे तर माणसे, ठिकाणे आणि राजकारण यांची मांडामांड करण्यातच पाव तास जातो. ‘पगार’ या शब्दाबद्दल सांगायचे तर काहीच मांडावे लागत नाही. ऐकणारा महिनाअखेरीला त्याची वाट पाहत असतो, तो वाढला नाही म्हणून कुरकुरत असतो. त्याला एवढेच सांगायचे की पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ पैसे चुकते करणे असा आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यवहारातून ते मराठीत येताना नाम होऊन बसले. यापुढे तो शब्द उच्चारताना ही माहिती आपोआप वर येते. उजळणी करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही, कारण रोजचे बोलणे हीच उजळणी होते.

दुसरे कारण रोजच्या रोज येण्यात आहे. आठवड्यातून एकदा तासभर भाषाशास्त्र ऐकवणारा कार्यक्रम कितीही चांगला असला तरी त्यासाठी बैठक मारावी लागते. दोन मिनिटांचा भाग चहा उकळेपर्यंत संपतो आणि त्यातला शब्द दिवसभर सोबत राहतो. अनु गर्ग यांनी अमेरिकेत शिकत असताना १९९४ साली ‘अ वर्ड अ डे’ ही ईमेल-सेवा सुरू केली, तेव्हा पॉडकास्ट हा शब्दही जन्मला नव्हता, पण कल्पना हीच होती. तिथे आठवडाभराच्या शब्दांना एक समान सूत्र असते, आणि ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

मराठीत असा कार्यक्रम करायचा झाला तर तो कसा असावा? शब्द सुचवण्याआधी आपण त्याच्या स्वरूपावर बोलावे, अशी विनंती आहे.

मोडीवाला

धागा आवडला, पण माझा मूळ आक्षेप आटोपशीरपणालाच आहे. दोन मिनिटांत गोष्ट सांगता येते, पुरावा सांगता येत नाही, आणि व्युत्पत्तीत पुरावा वगळला की उरते ती दंतकथा. इंग्रजीतली दोन उदाहरणे सगळ्यांनी ऐकलेली आहेत. ‘न्यूज’ हा शब्द म्हणे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांतून आला, आणि ‘पॉश’ म्हणे जहाजावरच्या महागड्या केबिनींच्या दिशांवरून. दोन्ही खोटी आहेत. ‘न्यूज’ म्हणजे नव्या गोष्टी, ‘न्यू’चे अनेकवचन, फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नवी’ या विशेषणापासूनच शब्द झाला आहे. तरीही लक्षात राहते ती आद्याक्षरांची गोष्ट, कारण ती सांगायला सोपी आणि ऐकायला गमतीची असते. रोज एक भाग द्यायचा म्हटले की वर्षाला तीनशेहून अधिक शब्द लागतात, आणि प्रत्येक शब्दामागे खरी गोष्ट रंजक असेलच असे नाही. ती नसते तेव्हा निवेदक काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे तर हा धोका जास्तच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारखा अफाट व्यासंगाचा माणूससुद्धा व्युत्पत्तीच्या मागे लागला की ध्वनिसाम्याच्या आधारावर फार लांबपर्यंत जाई, असे त्यांचे लेखन वाचताना मला अनेकदा वाटले आहे. मग व्हॉट्सॲपवर प्रत्येक शब्द संस्कृतातून खेचून काढणाऱ्यांना काय म्हणावे? मला विचाराल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा मराठी व्युत्पत्ति कोश हाताशी ठेवावा आणि रोज एक पान वाचावे. तिथे निदान शब्दापुढे पर्याय दिलेले असतात.

अनवट

मोडीवाला, आपला आक्षेप मान्य आहे, पण त्यावरचा उपाय भाग लांबवणे हा नाही. पुरावा सांगायला वेळ लागतोच असे नाही. कोणता पुरावा निवडायचा हे कळावे लागते.

मुंबईचे उदाहरण घ्या. पोर्तुगिजांनी ‘चांगला उपसागर’ या अर्थी ‘बॉम बाइया’ असे नाव दिले आणि त्यावरून बॉम्बे झाले, ही समजूत अजूनही छापली जाते. ती खोडून काढायला एक वाक्य पुरते: पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे पोर्तुगीज माणूस ‘बोआ बाइया’ म्हणेल, ‘बॉम बाइया’ म्हणणार नाही. त्याला जोडून एवढे सांगावे की पोर्तुगिजांनी स्वतः हे नाव ‘बोंबाइं’ अशा धर्तीवर लिहिले आहे, आणि मुंबादेवीच्या नावाशी असलेले त्याचे नाते झाकले जात नाही. झाला भाग! ऐकणाऱ्याला उत्तर मिळाले, आणि व्युत्पत्ती तपासताना व्याकरणाला साक्षीला बोलवायचे असते हेही कळले. पुढच्या वेळी कोणी असली गोष्ट सांगितली की तो स्वतःच लिंग-वचन विचारील.

‘ओके’बद्दलही असेच आहे. त्याच्या उगमाच्या कितीतरी गोष्टी फिरत होत्या. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वृत्तपत्रे चाळून दाखवून दिले की मार्च १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम चुकीच्या अक्षरांनी लिहून त्याचा संक्षेप करण्याचा विनोद छापला गेला होता. इथे खरी गोष्ट दंतकथेपेक्षा रंजक आहे, आणि ती मिळाली ती कोणीतरी धुळीत बसून पाने उलटली म्हणून. निवेदकाने शब्दाची गोष्ट सांगताना ती कशी कळली याचीही गोष्ट सांगितली, तर दोन मिनिटे पुष्कळ होतात.

वर्गाबाहेर

मी शाळेत मराठी शिकवते. माध्यमिक वर्गांना तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले), तद्भव (संस्कृतातून बदलत आलेले) आणि देशी (इथल्याच बोलींतले) हे शब्दांचे प्रकार शिकवावे लागतात आणि ते मुलांना अतिशय कंटाळवाणे वाटतात, कारण पाठ्यपुस्तकांत याद्या असतात आणि यादीत गोष्ट नसते. त्यामुळे असा पॉडकास्ट मराठीत व्हावा असे मला मनापासून वाटते. मात्र त्यात सुट्या शब्दांपेक्षा नियमाला महत्त्व द्यावे. एक नियम कळला की आठ-दहा शब्द आपोआप उलगडतात, आणि मुलांना हे कोडे सुटल्यासारखे वाटते.

माझ्या वर्गात नेहमी रंगणारे एक उदाहरण देते. फळ्यावर दोन रकाने करायचे, डावीकडे हिंदी आणि उजवीकडे मराठी. मछली आणि मासा. पूछना आणि पुसणे. ज्ञानेश्वरीत ‘पुसणे’ हे विचारणे या अर्थानेच येते, आजच्यासारखे फडक्याने नव्हे. बछड़ा आणि वासरू. छुरी आणि सुरी. एवढे लिहिले की मुले स्वतःच ओरडून सांगतात: जिथे हिंदीत ‘छ’ आहे तिथे मराठीत ‘स’ आहे. मग मूळ संस्कृत रूपे दाखवायची: मत्स्य, पृच्छति, वत्स, क्षुरिका. मधली प्राकृत पायरी ‘छ’ची होती, हिंदीने ती ठेवली आणि मराठीने तिचा ‘स’ केला, असे सांगितले की सगळे जागेवर बसते.

यापुढे आणखी एक पदर आहे आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. हाच ‘स’ ‘इ’काराच्या शेजारी आला की ‘श’ होतो. म्हणून मासा, पण मक्षिकेपासून माशी. कुक्षीपासून कूस, पण आई बाळाला घेते ती कुशीत. आपण ‘माशाला’, ‘सशाला’, ‘पैशाला’ म्हणतो तेव्हा हेच चाललेले असते. शेकडो वर्षांपूर्वीचा उच्चाराचा बदल आजच्या विभक्तीच्या रूपांत जिवंत आहे, हे कळल्यावर एका मुलीने विचारले की मग ‘मासे’ का, ‘माशे’ का नाही. या प्रश्नावर तासिका संपली आणि मला बरे वाटले.

रेघोट्या

वर्गाबाहेर, प्रतिसाद फार आवडला, पण एक शंका आहे. मक्षिका आणि कुक्षी यांतला ‘क्ष’ मराठीत ‘स’ किंवा ‘श’ झाला असेल, तर लक्षाचा ‘लाख’ कसा झाला? रक्ष्‌पासून ‘राखणे’, क्षीरापासून ‘खीर’, भिक्षेपासून ‘भीक’ हे शब्द मराठीतलेच आहेत आणि त्यांत ‘ख’ किंवा ‘क’ दिसतो. दोन मिनिटांत नियम सांगितला आणि घरी गेल्यावर ऐकणाऱ्याला ‘लाख’ आठवला, तर तो नियमावरचा विश्वासच गमावून बसेल.

वर्गाबाहेर

रास्त शंका आहे, आणि तिचे उत्तर मी मांडलेल्या क्रमातच आहे. नियम संस्कृत ‘क्ष’चा नाही, प्राकृत ‘च्छ’चा आहे. ‘क्ष’ला प्राकृतात दोन वाटा फुटल्या होत्या, एक ‘च्छ’ची आणि दुसरी ‘क्ख’ची, आणि वेगवेगळ्या प्रदेशांत कमी-अधिक प्रमाणात दोन्ही चालत होत्या. जे शब्द ‘च्छ’च्या वाटेने आले त्यांना मराठीत ‘स’ किंवा ‘श’ मिळाला: शेत, माशी, कूस, ऊस. जे ‘क्ख’च्या वाटेने आले त्यांत ‘ख’ राहिला: लाख, राखणे. हिंदीत दुसऱ्या वाटेची गर्दी अधिक आहे, म्हणून तिकडे खेत, मक्खी, कोख आणि ईख. फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लॉक यांनी शंभर वर्षांपूर्वी मराठीच्या जडणघडणीवर ग्रंथ लिहिला, त्यात या घडामोडींचा फार बारकाईने विचार केलेला आहे.

आणि आपली शंका हाच दुसऱ्या दिवशीचा भाग झाला पाहिजे. सोमवारी ‘माशी’, मंगळवारी ‘लाख’. रोज येणाऱ्या कार्यक्रमाची ही सोय पुस्तकालाही नाही: एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि ऐकणाऱ्याला स्वतः अपवाद शोधू द्यायचा.

अनवट

सोमवारी नियम आणि मंगळवारी अपवाद! हे माझ्या मनात आले नव्हते. भाग छोटा असल्यामुळे तो अपुरा राहतो असे मोडीवाला म्हणाले होते. इथे तोच अपुरेपणा कामाला लावला आहे.

खर्जातला

आतापर्यंतचे सगळे मुद्दे लेखी सदरालाही लागू पडतात. पॉडकास्टच का, हा प्रश्न राहतोच. मराठीपुरते त्याचे उत्तर मला आपल्या ‘च’ आणि ‘ज’मध्ये दिसते.

देवनागरीत आपण एकच ‘च’ लिहितो आणि दोन उच्चार करतो. ‘चार’ या संख्येतला ‘च’ आणि गुरांच्या ‘चारा’तला ‘च’ वेगळे आहेत. जन्मावरून ठरणाऱ्या ‘जात’चा ‘ज’ आणि दळायच्या ‘जाते’चा ‘ज’ वेगळे आहेत. मराठी माणूस यात सहसा गल्लत करत नाही, पण कागदावर त्याला हा फरक दाखवता येत नाही. नुक्ता देऊन दाखवावा तर वाचणारा बिचकतो. कानाला मात्र तो लगेच कळतो.

यात व्युत्पत्ती कुठे आली? तर संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द आपण सहसा तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून केलेल्या, उच्चाराने म्हणतो: चंद्र, चरण, जल, जन. जे शब्द प्राकृतातून झिजत आले, त्यांत ‘अ’, ‘आ’, ‘उ’, ‘ओ’ या स्वरांपूर्वी दंततालव्य, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन केलेला, उच्चार रुळला: चाक, चूल, जाळे, जुना. त्यामुळे ‘जग’ म्हणजे दुनिया म्हणताना जीभ एके ठिकाणी लागते आणि ‘जगणे’ म्हणताना दुसरीकडे. म्हणजे शब्द कोणत्या वाटेने घरात आला याची खूण उच्चारात राहिलेली आहे, आणि ती लिपीने झाकली आहे. मग ‘चार’ तर तद्भव असून तालव्य कसा? जुन्या मराठीत तो ‘च्यारि’ असा लिहिलेला आढळतो. तो ‘य’ लिहिण्यातून गेला, तरी त्याने लावलेले वळण जिभेवर राहिले.

ही दोन मिनिटे छापून सांगायची तर पानभर लागते आणि तरी वाचणाऱ्याच्या कानात काही वाजत नाही. निवेदकाने ‘चार’ आणि ‘चारा’ एकापाठोपाठ म्हटले की संपले. म्हणून मराठीतल्या अशा कार्यक्रमाला निवेदक निवडताना आवाज गोड आहे की नाही याआधी त्याचे हे दोन्ही ‘च’ साफ आहेत का ते पाहावे. रेडिओवरच्या काही नव्या आवाजांत सगळे ‘च’ एकसारखे होऊ लागले आहेत, पण तो वेगळा धागा होईल.

मोडीवाला

खर्जातला यांचा मुद्दा बिनतोड आहे. पुस्तकाच्या बाजूने बोलत असतानाही हे मान्य करतो की मोल्सवर्थचा कोश उघडून मला ‘जात’ आणि ‘जाते’ यांचा उच्चार ऐकू येणार नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहीत आहे. धागालेखकांनी ‘पगार’चे उदाहरण दिलेच आहे, तर पोर्तुगीज शब्दांविषयी थोडे सांगतो, कारण अशा कार्यक्रमात त्यांची एक अख्खी मालिका होऊ शकेल आणि तिला भक्कम आधारही आहे. आसगावात जन्मलेले सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय धर्मगुरूंनी आशियाई भाषांवर पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा काय परिणाम झाला यावर १९१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषाशास्त्राच्या या शाखेत आपल्या मातीतला माणूस आरंभीच होता, ही गोष्टसुद्धा दोन मिनिटांच्या एका भागाची आहे.

पण याद्या वाचू नयेत. मराठीने पोर्तुगीजमधून काय घेतले आणि कोंकणीने काय घेतले, हे शेजारी ठेवले तर चित्र दिसते. मराठीत आली ती बरीचशी बाजारातली आणि कामावरची चीजवस्त: बटाटा, काजू, अननस, कोबी, पाव, चावी, फीत, घमेले, लिलाव, पगार. कोंकणीत याशिवाय घराच्या आतलेही आले: खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, आणि चर्चला इगर्ज. जिथे नुसता व्यापार झाला तिथे मालाची नावे गेली, आणि जिथे राज्य चालले, धर्म बदलला, घरे बदलली तिथे बसण्या-उठण्याचीही गेली. सात-आठ शब्दांत इतिहासाचा एवढा फरक दाखवता येतो. आणि यांतले काही शब्द मुळात पोर्तुगिजांचेही नाहीत, हा आणखी एक भाग. काजू आणि अननस त्यांनी ब्राझीलच्या रहिवाशांकडून उचलले, आणि ‘बटाटा’ हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द त्यांच्याकडे आधी रताळ्याला लागला होता.

टोरांटोकर

मांडवीकाठ यांच्या प्रतिसादाला इकडून एक जोड देतो. टोरांटोत पोर्तुगीज मूळ असलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या बेकऱ्या आहेत. मुलाला मराठी शिकवताना आम्हाला नेहमी अडचण येते ती अशी की इथे मराठी ही फक्त घरातल्या दोन माणसांची भाषा वाटते. तिचा बाहेरच्या जगाशी काही संबंध असेल असे मुलांना वाटत नाही. बेकरीच्या पाटीवरचा पोर्तुगीज शब्द वाचून तिथल्या बाईंनी त्याचा अनुनासिक उच्चार केला, तेव्हा आपला पाव इथूनच कुठून तरी आला आहे हे मुलाला सांगावे लागले नाही. त्याने मग चावीला काय म्हणतात ते विचारले.

म्हणून परदेशातल्या मराठी घरांसाठी अशा छोट्या भागांचे मोल मला फार वाटते. तासभराचे मराठी ऐकायला मूल बसत नाही. शाळेत सोडायला जाताना गाडीत दोन मिनिटे ऐकते, आणि उरलेल्या वाटेत वाद घालते. विनंती एकच: निवेदन पुस्तकी असू नये, पण सोपे करण्याच्या नादात निम्मे इंग्रजीही होऊ नये.

फर्दनवीस

माझ्या टोपणनावावरून ओळखले असेलच. आडनावांची एक मालिका जरूर करावी. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फर्द, म्हणजे हिशेबाचा कागद, लिहिणारा तो फर्दनवीस, त्याचा झाला फडणवीस आणि फडणीस. चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा चिटणीस. फारसी लिहिणारा पारसनीस. एक प्रत्यय कळला की अर्धे पेशवाई दफ्तर उघडते.

याच्याच जोडीला शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशावर एक भाग व्हावा. दरबारातल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती झाला. आणि पुढे काय झाले? पेशवे पेशवेच राहिले, लोकांची आडनावे मुजुमदार आणि फडणीसच राहिली, तर सेनापती आणि अमात्य इतिहासाच्या पुस्तकात गेले. पंतप्रधान मात्र आज रोज बातम्यांत आहे. शब्द घडवता येतो, पण तो कुठे आणि कधी रुजेल ते घडवणाऱ्याच्या हाती नसते, हे याहून चांगले कुठे दिसेल?

रेघोट्या

एक उपप्रश्न. ‘पॉडकास्ट’ला मराठी शब्द काढण्याचा आग्रह कोणी धरणार नाही ना? २००४ साली आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांचा जोड करून तो बनवला गेला, २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केला, आणि शब्द आहे तसाच चालू आहे. व्युत्पत्तीच्या कार्यक्रमाने स्वतःच्या अंगावर एवढा ताजा नमुना ठेवून घ्यावा.

मोडीवाला

उपप्रश्नाला माझे अनुमोदन आहे. आता मुख्य मुद्द्यावर परत येतो. चर्चेनंतर माझा विरोध पुष्कळ ओसरला आहे, पण एका गोष्टीचे उत्तर अजून मिळालेले नाही: जिथे निर्णय झालेला नाही तिथे काय करायचे? ‘साबण’ घ्या. पोर्तुगीजमध्ये त्याला जवळचा शब्द आहे, अरबीतही ‘साबून’ आहे, आणि मागे गेले तर दोन्ही एकाच लॅटिन-ग्रीक शब्दापाशी पोचतात. मराठीत तो किनाऱ्यावरून आला की घाटावरून, हे छातीठोकपणे कसे सांगणार? निवेदकाला दोन मिनिटांच्या शेवटी टाळी हवी असते, आणि ‘दोन्ही शक्य आहे’ या वाक्याला टाळी पडत नाही.

अनवट

टाळी पडत नाही, हे खरे. पण आपल्या परंपरेत यास्क या प्राचीन अभ्यासकाने ‘निरुक्त’ या व्युत्पत्तीच्या ग्रंथात काय केले ते पाहा. ‘अग्नी’ हा शब्द आला की तो एक व्युत्पत्ती देऊन थांबत नाही. ‘अग्रणी’पासून सुरुवात करून एकामागून एक पर्याय मांडतो, आधीच्या आचार्यांची मते त्यांच्या नावानिशी देतो. त्यांतल्या बहुतेक आज आपण मान्य करणार नाही, पण पर्याय शेजारी शेजारी ठेवण्याची रीत मला घेण्यासारखी वाटते. ‘साबण’चे दोन रस्ते सांगितल्याने भाग फसत नाही. उलट ऐकणारा किनारा आणि घाट असा नकाशा डोळ्यांपुढे आणतो. फसतो तो भाग जिथे निवेदक आवाज चढवून एकच रस्ता खरा म्हणून सांगतो.

हे नुसते बोलून दाखवण्यापेक्षा पहिल्या आठवड्याचा आराखडाच मांडतो. अनु गर्ग यांच्या धर्तीवर पाच दिवस, एक सूत्र, आणि सूत्र म्हणजे दुभते. सोमवारी दूध: दुग्ध, दुद्ध, दूध. इथे फक्त जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर लांबतो हा नियम सांगायचा, आणि सप्त-सात, हस्त-हात, कर्ण-कान ऐकवून थांबायचे. मंगळवारी दही: ‘दधि’मधला ‘ध’ झिजून ‘ह’ उरला. बुधवारी ताक, म्हणजे तक्र. हा सोमवारच्याच नियमाने सुटतो, म्हणून ऐकणाऱ्यालाच सोडवायला द्यायचा. गुरुवारी लोणी. नवनीतापासून लोणी होते यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. ‘न’चा ‘ल’ होणे आणि मधला ‘व’ विरघळून ‘ओ’ होणे हे हळूहळू उच्चारून दाखवावे लागेल, आणि खर्जातला म्हणाले तसे ते कानालाच पटेल.

शुक्रवारी तूप. इथे संस्कृत ‘घृत’ मराठीने बाजूला ठेवले. हिंदीत त्याचे ‘घी’ झाले, आपल्याकडे मात्र तूप. कन्नडात ‘तुप्प’ आहे आणि प्राकृतातही ‘तुप्प’ सापडतो. दूध, दही, ताक आणि लोणी एका कुळातले, आणि त्याच लोण्याला कढवून जे होते त्याचे नाव शेजारच्या भाषेशी नाते सांगणारे.

वर्गाबाहेर

आराखडा उत्तम आहे. शुक्रवारच्या भागात जोडीला ‘अडकित्ता’ घ्यावा. कन्नडात सुपारीला ‘अडके’ म्हणतात, त्यामुळे तिथे दिशा स्पष्ट आहे आणि ‘तूप’शी तुलना करता येते. घरातल्या ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ यांचा नुसता उल्लेख पुरे. माझ्या वर्गासाठी हे पाच भाग मी आनंदाने वापरीन.

मोडीवाला

शुक्रवारवर माझे बारीक लक्ष राहील. प्राकृतात ‘तुप्प’ सापडतो म्हणून तो मूळचा प्राकृतच, असे एक जण म्हणेल. प्राकृतानेच तो दक्षिणेकडून घेतला, असे दुसरा म्हणेल. आणि दोघांच्याही हातात तोच पुरावा असेल. दोन्ही बाजू सांगा, अडकित्त्याची तुलना सांगा, आणि संकलन करताना वेळ कमी पडला तर दुसरे काहीही कापा, पण ‘याचा निर्णय झालेला नाही’ हे वाक्य कापू नका. तेवढे राहिले तर मीही रोज ऐकीन.